टीपॉयला पाय किती?

आत्ता जिथे बसला आहात तिथून सोफ्यासमोरच्या त्या बुटक्या टेबलाकडे बघा आणि त्याचे पाय मोजा. बहुतेक चार असतील. अलीकडे घेतलेलं असेल तर कदाचित दोन जाड फळ्यांवर उभं असेल. आता त्याचं नाव घ्या. दुकानदार त्याला सेंटर टेबल म्हणेल, सजावटीच्या मासिकांत त्याला कॉफी टेबल म्हणतील. पण बीडला, अंबाजोगाईला, परळीला घरातलं माणूस सहज सांगतं, "टीपॉयवर ठेव गं कप." टीपॉय! ऐकताना वाटतं, यात चहा आहे. चहा नाही. या शब्दात तीन पाय आहेत.

मूळ शब्द तिपाई. चार पायांची ती चारपाई, तीन पायांची ती तिपाई. फारसीत याच अर्थाचा सिपाया आहे, आणि आपल्या मराठीत तिवई आहेच. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी ही तिपाई पाहिली, वापरली, पण शब्द कानात शिरताना त्यातल्या 'ति'ची त्यांनी 'टी' केली, चहावाली टी. कानाची एवढीशी चूक, पण ती कुठवर गेली पाहा! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये टीपॉय म्हणजे चहाची पत्ती ठेवायची, पायांवर उभी केलेली पेटी झाली. आधी शब्द चुकला आणि मग त्या चुकीला शोभेल अशी वस्तूच सुतारांनी घडवली. 1886 साली यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला. त्यात त्यांनी बजावून लिहिलं की या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही. तोवर उशीर झाला होता. शब्द साहेबाच्या उच्चारासकट आपल्या घरांत परत आला, आणि आपण त्याला विलायती पाहुणा समजून बैठकीत बसवलं. आपलीच लेक माहेरी आली आणि दारात तिला कुणी ओळखलंच नाही!

शब्दाची गोष्ट इथे सोडू. मला खरं कुतूहल आहे ते त्या तिनाचं. तीनच पाय का?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. फडाजवळच्या रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि कोपीच्या तोंडाशी बाई तीन दगड मांडते. दगड रानातलेच उचललेले, एक मोठा, एक लहान, एक वाकडा. खाली ढेकळांची जमीन. त्यावर ती पातेलं ठेवते, आणि ते बसतं. थोडं कललं तर एक दगड सरकवायचा, की झालं. ते डुगडुगत मात्र नाही. आता त्याच चुलीला चौथा दगड लावून बघा. पातेलं कधी या दगडावर, कधी त्या दगडावर. चौथा आला आणि भांडण सुरू झालं.

हे कसं होतं? दोन टोकांवर ठेवलेली फळी पुढे-मागे कलंडू शकते. तिसरा आधार त्या दोघांच्या रेषेत नसला की कलंडायला जागाच उरत नाही. अवकाशात कुठेही तीन बिंदू घ्या, फक्त एका ओळीत नकोत. त्या तिघांना टेकेल असं एक आणि एकच सपाट पातळ असतं. म्हणून तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच. एक पाय दोन बोटं आखूड असला तरी टेबल झुकेल, पण डुगडुगणार नाही. चौथ्या पायाचं टोक मात्र त्याच पातळावर नेमकं यावं लागतं. ते का यावं? त्याला तसं कुणी सांगितलंय? चार पायांचं प्रत्येक टेबल हा एक योगायोग असतो, आणि सुतार तो रंध्याने आणि गुण्याने घडवून आणतो. रस्त्याची मोजणी करणाऱ्यांच्या यंत्राची घोडी तीन पायांची असते, फोटोग्राफरचा स्टँड तीन पायांचा असतो. दोघांनाही खडकाळ माळावर उभं राहायचं असतं आणि केसभरही हलायचं नसतं. चुलीच्या तीन दगडांचं आणि त्यांचं शास्त्र एकच.

पण आपल्या घरी तर चार पायांचाच टीपॉय आहे. आणि तो डुगडुगतो. एका पायाखाली घडी घातलेला कागद आहे, दर आठवड्याला झाडताना तो निघतो आणि चहा बशीत सांडतो. तर आता जे सांगतो ते ऐकून मी स्वतः उठून टेबल फिरवायला गेलो होतो. कागद काढा आणि टीपॉय जागच्या जागी हळूहळू फिरवा. चौरस असेल तर पाव फेरी होईपर्यंत असा एक कोन येतो की चारही पाय टेकतात. येतो म्हणजे येतोच! हे गणिताचं प्रमेय आहे.

पटत नाही ना? समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय लाल रंगवा, उरलेले दोन हिरवे. समजा टेबल लाल जोडीवर पक्कं टेकलंय आणि हिरवी जोडी झुलतेय. कधी हा हिरवा उचलला जातो, कधी तो. आता बरोबर पाव फेरी द्या. लाल पाय हिरव्यांच्या जागी गेले, हिरवे लालांच्या जागी. जमीन तीच, जागा त्याच, म्हणजे पारडं उलटलं. आता हिरवी जोडी पक्की आणि लाल झुलती. सुरुवातीला लाल वरचढ, शेवटी हिरवी वरचढ, आणि फिरवणं तर सलग होतं, कुठे उडी मारली नाही. मग मधे कुठेतरी दोन्ही जोड्या बरोबरीत आल्याच असणार. पहाटे 20 अंश असलेला पारा दुपारी 40 वर गेला, तर वाटेत कधीतरी तो नेमका 30 वर होताच की! तो बरोबरीचा क्षण म्हणजे चारही पाय जमिनीवर.

गणितज्ञांनी हे काही गंमत म्हणून सोडून दिलं नाही. रॉजर फेन यांनी 1970 मध्ये यावर लिहिलं, मार्टिन गार्डनर यांनी 1973 मध्ये ते सामान्य वाचकांपर्यंत नेलं, आणि 2005 मध्ये सर्न या अणुसंशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे मार्टिन यांनी जमिनीचा उतार 15 अंशांच्या आत असेल तर हे कसं जमतं ते सिद्ध केलं. जिथे विश्वाच्या मूलकणांचा शोध घेतात तिथल्या माणसाला डुगडुगत्या टेबलाने झपाटलं होतं! टेबल आयताकृती असेल तर पाव फेरी पुरत नाही, पण अर्ध्या फेरीच्या आत तेही बसतं.

अटी दोनच. जमिनीला चढउतार चालतील, पण पायरीसारखी एकदम कड नको. आणि चारही पाय सारख्या लांबीचे हवेत. यातली दुसरी अट दुकानात फार कामाला येते. टीपॉय डुगडुगला की दुकानदार म्हणतो, "साहेब, फरशीच तशी आहे." मग टीपॉय फिरवून बघा. फिरवल्यावर एखाद्या कोनात डुगडुग गेली तर दोष फरशीचा. कसंही फिरवलं तरी तोच एक पाय अधांतरी राहिला तर दोष त्या पायाचा. पाव मिनिटात निकाल.

मग प्रश्न पडतो. तीन पाय इतके गुणी, तर जगभर चार पायांनी बाजी का मारली?

कारण तीन पायांना एक खोट आहे, आणि ती घरात लहान मूल आल्यावर कळते. दोन फूट व्यासाचा गोल टीपॉय घ्या, पाय अगदी कडेला. कुठल्याही दोन शेजारच्या पायांना जोडणारी रेघ मनात ओढा. या रेघेच्या बाहेर कुणी जोर दिला तर टेबल उलटायला बघतं. पाय तीन असतील तर ही रेघ मध्यापासून फक्त 6 इंचांवर येते. चार असतील तर साधारण साडेआठ इंचांवर. अडीच इंचांचाच फरक, पण उभं राहायला शिकणारं मूल टेबलाच्या कडेला धरून उठतं, तेव्हा हे अडीच इंचच कामाला येतात. तीन पाय डुगडुगत नाहीत पण उलटू शकतात. चार पाय सहजी उलटत नाहीत पण डुगडुगतात. दोन्ही गुण एकदम मिळत नाहीत, निवड करावी लागते. आणि मला जे सांगायचंय ते इथे आहे: ही निवड तुमच्या घराची जमीन करते.

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. ओसरीवर शेणाने सारवलेली जमीन, दर सणाला नवा हात फिरलेला, कुठे उंच कुठे खोल. इथे चार पायांचं काही ठेवायचं म्हणजे रोजचा वैताग. म्हणून एक तर बिनपायांचं, म्हणजे घोंगडी, सतरंजी. नाही तर अगदी बुटका पाट. उंच काही हवंच असेल तर तीन पायांची तिवई.

मग शहाबादी फरशी आली. ही आपल्या मातीतली नव्हे. बीडच्या पायाखालचा दगड काळा बसाल्ट, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शहाबाद तिकडे कलबुर्गीकडे. 1956 पर्यंत तेही आणि आपणही एकाच हैदराबाद राज्यातले. तिथला दगड म्हणजे लाव्ह्याच्याही फार फार आधीच्या एका समुद्राच्या तळाशी थरावर थर बसत गेलेला चुनखडक. वहीची पानं सुटावीत तसा तो थरांमध्ये सुटतो, म्हणूनच त्याची फरशी होते. तुमच्या आजीने ज्या फरशीवर शेवया वाळत घातल्या तो एका समुद्राचा तळ होता! पण हाताने फोडलेली फरशी थोडी खालीवर बसतेच. चार पायांच्या टीपॉयखाली कागदाची घडी याच काळात आली.

आणि आता टाईल्स. भुकटी प्रचंड दाबाखाली चेपायची, भट्टीत साधारण 1200 अंशांवर भाजायची, वरून घासून आरशासारखी करायची. तीन-चार फुटांत एखाद्या मिलिमीटरचाही फरक मुश्किलीने. चार पायांना हवा होता तो योगायोग कारखान्यातूनच घरपोच येऊ लागला. तिपाईचा तिसरा पाय टाईल्सनी निरुपयोगी केला, आणि नाव तेवढं मागे राहिलं.

तीन पायांचं शास्त्र पुरतं मागे पडलं म्हणावं, तर अमेरिकेत एक नवल घडलं. इसामू नोगुची हे जपानी-अमेरिकी शिल्पकार. 1940च्या दशकात त्यांनी एक कॉफी टेबल रचलं. लाकडाचे दोन अगदी सारखे वळणदार तुकडे, त्यातला एक उलटा करून दुसऱ्याला जोडलेला, आणि वर जाड काच. खिळा नाही, स्क्रू नाही, काच नुसती ठेवलेली. तरी ती हलत नाही. का? कारण ते दोन तुकडे मिळून काचेला बरोबर तीन ठिकाणी आधार देतात. हर्मन मिलर कंपनीने ते बाजारात आणलं आणि आधुनिक बैठकीतल्या सगळ्यात ओळखीच्या टेबलांपैकी ते एक झालं. आज फर्निचरच्या दुकानात वळणदार लाकडावर काच ठेवलेला टीपॉय दिसला, तर तो त्याचाच नातलग समजा. आणि त्या काचेखाली ऊसतोडीच्या कोपीपुढचे तीन दगड आहेत.

काचेचा विषय निघालाच आहे, तर तिथे थांबायला हवं. घरात मुलं आणि काचेचा टीपॉय, हे ऐकूनच आईच्या पोटात गोळा येतो. पण टफन्ड काच म्हणजे काय, हे कळलं की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते.

तुम्ही लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव बसवताना पाहिलंय? लोखंडी धाव लालबुंद तापवतात, ती फुगते, चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आक्रसते आणि सगळं चाक मुठीत धरल्यासारखं आवळते. टफन्ड काचेत हाच खेळ आतून बाहेर खेळतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारायचे. वरची कातडी पटकन घट्ट होते, आतला भाग अजून गरम. नंतर तो निवतो, आक्रसू बघतो, पण कातडी तर आधीच थिजलेली. मग आतला भाग त्या कातडीला आयुष्यभर आत ओढत राहतो. पृष्ठभाग कायम आवळलेला! काच फुटते कशी? बारीक चरा ताणला जाऊन पसरतो तेव्हा. इथे चऱ्याला पसरायला वावच नाही, सगळीकडून दाब. म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट. आणि फुटलीच तर आत कोंडलेली सगळी ताकद एकदम सुटते. लांब सुऱ्यांसारख्या धारदार कपच्यांऐवजी ज्वारीच्या लाह्यांएवढे बोथट तुकडे होतात. अशी काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. जे करायचं ते तापवण्याआधी. मोठी कमजोरी म्हणजे कडेवरचा टोला. दुकानात काचेच्या कोपऱ्यात उमटवलेला शिक्का शोधा. नसेल आणि घरात मूल असेल, तर मी तो टीपॉय घेणार नाही.

काच नको असेल तर मग बहुतेकदा सनमायका. हाही शब्द बघण्यासारखा. 1913 साली अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर यांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा पदार्थ बाजारात आणला. अभ्रक म्हणजे इंग्रजीत मायका, अभ्रकाऐवजी म्हणून 'फॉर मायका', तेच झालं फॉर्मायका. आपल्याकडे सनमायका हा ब्रँड इतका रुळला की कुठल्याही कंपनीचा पत्रा असो, सुतार म्हणतो, "मायका कुठला लावू?" अभ्रकाचा त्यात कणही नाही. ते आहेत कागद! राळेत भिजवलेल्या तपकिरी कागदांचे थर, वर सागाच्या रेषांचं छापील चित्र, त्यावर मेलामाइनचा पारदर्शक लेप, आणि सगळं तापवून दाबून एकजीव केलेलं. कागदावर उकळत्या चहाचा कप ठेवतो आणि काही होत नाही. टीपॉयला तीन पाय नाहीत, मायक्यात अभ्रक नाही, आणि आपल्या कॉफी टेबलवर कॉफी कुठे असते?

पण मला विचाराल तर लाकूड, आणि तेही जुनं. बीड भागात आजही जुना वाडा उतरवला की तुळया आणि खांब निघतात. त्यातला साग कित्येक उन्हाळे-पावसाळे खाऊन शांत झालेला असतो. शांत झालेला म्हणजे काय, ते लाकडाच्या आत शिरल्यावर कळतं. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची मोळी, जशी तुराट्यांची असते तशी. हवेतला ओलावा नळ्यांच्या भिंतींत शिरतो आणि भिंती जाड होतात. मोळी फुगते, पण लांब होत नाही. म्हणून दीड फूट रुंदीची सागाची फळी मे महिन्याच्या कोरड्या झळांतून श्रावणात जाते तेव्हा रुंदीत दोन-तीन मिलिमीटर तरी वाढते, लांबीत जवळजवळ शून्य. तुमचा टीपॉय वर्षातून एकदा श्वास घेतो आणि सोडतो! जाणता सुतार वरची फळी खालच्या चौकटीला घट्ट आवळून टाकत नाही, स्क्रूचं भोक थोडं लांबट ठेवतो. फळीला हलायला जागा मिळते. जागा नाही दिली तर ती स्वतःच करून घेते, आणि तिलाच आपण तडा म्हणतो. टीपॉय उलटा करून बघा, ते लांबट भोक दिसलं तर सुतार चांगला.

आणि पॉलिशवर गरम कपाने उठणारं ते पांढरं कडं? जुनं पॉलिश लाखेचं, म्हणजे पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर राहणाऱ्या इवल्या किड्यांनी पाझरलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कपाच्या उष्णतेने ती मऊ होते, वाफेचा ओलावा आत शिरतो आणि अडकतो. त्या सूक्ष्म थेंबांवर प्रकाश विखुरतो. ढग पांढरे का दिसतात? याच कारणाने. बशीखाली एक छोटासा ढग अडकून बसलेला असतो.

राहिली मापं, आणि त्यासाठी टेप लागत नाही. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा इंच-दोन इंच कमी, म्हणजे 16 ते 18 इंच. सोफा आणि टीपॉय यांच्यात जागा तेवढीच, गुडघे मावावेत आणि कपही हाताशी यावा इतकी. आता कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपलं अंतर मोजा. साधारण तेवढंच! आपल्या आज्या कापड मोजायच्या तो 'हात' हाच. उंची एक हात, अंतर एक हात, लांबी सोफ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास.

तेव्हा दुकानात जाण्याआधी खाली वाकून घरची जमीन बघा. जुनी शहाबादी असेल आणि घरात मोठीच माणसं असतील, तर सुताराकडून तीन पायांची तिवई करून घ्या. टाईल्स असतील, किंवा रांगणारं मूल असेल, तर चार पायांचा घ्या, कोपरे गोल असलेला. आणि घरी आणल्यावर तो डुगडुगलाच, तर कागदाची घडी करण्याआधी एकदा हळूच फिरवून बघा.